मेजर की मायनर? आधी सत्रं मोजा

समोर बहुतेक बिझनेसचेच विद्यार्थी दिसताहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. अर्थशास्त्र मेजर (मुख्य विषय) घेऊ की मायनर (जोडविषय), असं विचारणारा विद्यार्थी माझ्याकडे येतो तो बहुधा क्रेडिटची बेरीज करूनच. मायनरला साधारण 5-6 विषय, मेजरला 10-12. विद्यापीठागणिक आकडा थोडा इकडेतिकडे. बेरीज जरूर करा, पण ती फसवी आहे.

सूक्ष्म (ग्राहक, कंपन्या, बाजार) आणि स्थूल (अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था) अर्थशास्त्राची प्राथमिक ओळख, शिवाय संख्याशास्त्र, हे विषय तुमच्या पायाभूत अभ्यासक्रमात बहुधा असतातच. त्यामुळे मायनर अर्धा झालाच, असं वाटतं. मात्र एकच विषय दोन्हीकडे धरायला बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते. हा नियम माहितीपुस्तिकेत कुठेतरी तळाशी छापलेला असतो आणि शेवटच्या वर्षी सापडतो.

मेजरचा कणा म्हणजे तीन विषय: वरच्या पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र, त्याच पातळीचं स्थूल आणि अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र. श्रम, आंतरराष्ट्रीय व्यापार, सार्वजनिक वित्त वगैरे ऐच्छिक विषय आवडीप्रमाणे घ्या, त्यात मी पडत नाही. पण कण्याला क्रम असतो. वरच्या पातळीच्या सूक्ष्मला आधी कॅल्क्युलस लागतं, अर्थमितीला आधी संख्याशास्त्र. त्यातही बिझनेसच्या विद्यार्थ्यांसाठीचं हलकं कॅल्क्युलस काही विभागांना चालतं, काहींना मुळीच नाही. तिसऱ्या वर्षी मेजरचा विचार सुचलेल्याला क्रेडिट पुरतात, सत्रं पुरत नाहीत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण घेऊ. एखाद्या मालाच्या दहा वर्षांच्या किमती आणि विक्रीचे आकडे तुमच्या हातात आहेत. आलेखावर ठिपके मांडले, त्यांतून रेघ ओढली. ही रेघ मागणीची की पुरवठ्याची? दोन्हींपैकी एकाचीही नाही, असंही असू शकतं. प्रत्येक ठिपका हा मागणी आणि पुरवठा जिथे जुळले ती जागा आहे, आणि दोन्ही रेषा दरम्यान हलत होत्या. किंमत वाढली तर विक्री किती घटेल, हे या रेघेवरून सांगणारा चक्क अंदाजपंचे बोलतो आहे. फिलिप राइट या अर्थतज्ज्ञाचं 1928 साली तेलांवरच्या आयातकराबद्दल एक पुस्तक आलं. त्याच्या परिशिष्टात या कोड्यावर तोडगा आहे. पुरवठा हलवेल पण मागणीला हात लावणार नाही अशी एखादी गोष्ट शोधा. जवसाच्या बाबतीत त्यानं एकरी उतारा धरला. पाऊसपाणी बिघडलं की पीक घटतं, पण जवस वापरणाऱ्यांची गरज त्यामुळे बदलत नाही. त्या वर्षांत किंमत चढली आणि खप उतरला, तर आपण मागणीच्याच रेषेवरून सरकलो. हा विचार परिशिष्टात होता, हे मला अजून गमतीचं वाटतं!

हीच युक्ती आज अर्थमितीच्या वर्गात शिकवतात. जाहिरातीमुळे विक्री वाढली, की विक्री वाढणार म्हणून जाहिरात केली, हा मार्केटिंगवाल्यांचा प्रश्नही त्याच जातीचा.

वरच्या पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र तुमच्या धंद्याच्या मुळाशीच जातं. बाजार असताना कंपनी मुळात असतेच कशाला, असं रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञानं 1937 मध्ये विचारलं. बाजारात दर वेळी माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, याला खर्च येतो. तो वाचवायला कंपनी, असं त्याचं उत्तर. एखादं काम बाहेर द्यायचं की घरात करायचं, हा तुमचा निर्णय तिथूनच सुरू होतो.

तेव्हा माझा कल सांगतो. संशोधनाकडे किंवा अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे जायचं असेल तर मेजर, आणि गणित मनापासून. मार्केटिंग किंवा मनुष्यबळात रमणार असाल तर मायनर पुरे, फक्त त्यातला एक ऐच्छिक विषय अर्थमितीला द्या. तो अवघड आहे म्हणून सगळे टाळतात, आणि मग मायनरमध्ये उरतात ती बऱ्याचदा पहिल्या वर्षीचीच प्रकरणं. फायनान्सवाले अधेमधे येतात. त्यांनी आपलं कॅल्क्युलस अर्थशास्त्र विभागात चालतं का, हे आधी विचारून यावं. पहिल्या वर्षाचे कोण कोण आहेत इथे? तुम्ही याच आठवड्यात विचारा.