कॅमेरा ज्या घरी गेला नाही

१९३७ साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मारिवाना, म्हणजे गांजा, टॅक्स कायद्याच्या सुनावण्या झाल्या. फेडरल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्सचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर साक्षीला आले आणि त्यांनी गोष्टी सांगितल्या. फ्लोरिडातल्या एका तरुणाने गांजाच्या अमलाखाली आपले आईवडील आणि भावंडं मारून टाकली, ही त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट. त्या तरुणाला मानसिक आजार होता, ही बाब मात्र मागे पडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने विल्यम वुडवर्ड बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी अगदी साधे प्रश्न विचारले. गांजाचं व्यसन असलेले किती कैदी तुरुंगात आहेत, हे सांगायला तुरुंग खात्यातून कुणाला बोलावलं का? शाळकरी मुलं गांजा ओढतात असं तुम्ही म्हणता, मग मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी खात्याची साक्ष कुठे आहे? तशी साक्ष झालीच नव्हती. कायदा मात्र झाला.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या माहितीपट करणार आहात, म्हणून मी या सुनावणीपासून सुरुवात केली. गांजा कायदेशीर करावा की नाही या वादात पहिल्या दिवसापासून एका माणसाची गोष्ट जिंकत आली आहे. कॅमेऱ्याचा जीवही एका माणसाच्या गोष्टीतच असतो. तेव्हा या विषयावर चित्रपट करणाऱ्याची जबाबदारी इतर अनेक विषयांपेक्षा जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमारास, १९३६ मध्ये, पालकांना सावध करण्यासाठी म्हणून एक चित्रपट निघाला. पुढे तो ‘रीफर मॅडनेस’ या नावाने ओळखला गेला. गांजा ओढला की खून, वेड आणि आत्महत्या, असा त्याचा सूर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गांजाबंदीविरुद्ध लढणाऱ्या ‘नॉर्मल’ या संघटनेच्या कीथ स्ट्रूप यांनी त्याची प्रिंट मिळवली आणि ती विद्यापीठांमधून दाखवायला सुरुवात केली. भीती घालायला केलेल्या चित्रपटावर सभागृहं हसून लोळू लागली. पुष्कळ जण ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात. मला तिची दुसरी बाजू अस्वस्थ करते. सरकारने एकदा इतकं अतिरंजित सांगितलं की पुढच्या पिढीला खरी सावधगिरीची सूचनाही थापच वाटू लागली. खोट्या चित्रणाचं नुकसान फक्त विरोधी बाजूचं होत नाही.

आता २०१३ कडे येऊ. सीएनएनचे डॉक्टर-पत्रकार संजय गुप्ता यांनी ऑगस्टमध्ये एक माहितीपट केला. गांजाच्या बाजूने मत देणार नाही, असं याच गुप्तांनी २००९ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. आता त्यांनी आपलं मत बदलल्याचं तितक्याच जाहीरपणे सांगितलं. त्या माहितीपटात कोलोरॅडोतली एक लहान मुलगी होती. तिला ड्राव्हे सिंड्रोम हा मेंदूचा दुर्धर आजार, आठवड्याला शेकडो झटके. गांजातल्या नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाचं प्रमाण जास्त आणि नशा आणणारं टीएचसी अगदी कमी असलेलं तेल सुरू केल्यावर ते झटके कमालीचे घटले. आईचा चेहरा, मुलीचं हसू. कुणीही हेलावून जाईल, आणि हेलावलंच पाहिजे. त्यानंतर कितीतरी कुटुंबं घरदार सोडून कोलोरॅडोला राहायला गेली. २०१४ मध्ये युटा, अलाबामा अशा एरवी कडक असणाऱ्या राज्यांनीही फक्त सीबीडीपुरते कायदे केले. एका माहितीपटाच्या वाट्याला एवढा परिणाम क्वचितच येतो.

तो माहितीपट चांगला होता आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यानंतर काय झालं तेही ऐका. २०१७ मध्ये शुद्ध सीबीडीची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. ड्राव्हे सिंड्रोम असलेली १२० मुलं आणि तरुण; काहींना सीबीडी, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव, म्हणजे प्लासिबो. सीबीडी घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांचे मोठे झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. पूर्णपणे थांबले ते ५ टक्क्यांचे. औषध खरोखर काम करत होतं. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरीही दिली.

पण प्लासिबो घेणाऱ्यांचं काय? त्यांच्यातल्याही २७ टक्के रुग्णांचे झटके निम्म्याने किंवा अधिक कमी झाले होते.

या आकड्यापाशी जरा थांबू या. आपण त्या २७ टक्क्यांतल्या एका घरी कॅमेरा घेऊन गेलो असतो, तर काय चित्रित झालं असतं? तीच आई, तेच अश्रू, तोच आनंद. एकही फ्रेम खोटी नसती. ती आई खोटं बोलत नसती, आपणही नाही. आणि तरीही चित्रपटाने प्रेक्षकाला जे सांगितलं असतं ते चूक ठरलं असतं. आजार आपल्या चालीने कमीजास्त होतो, आशेने माणूस वेगळं मोजतो, सोबतची औषधंही चालूच असतात. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही. तुलनेचा गट कधीच चित्रित होत नाही. म्हणून तो निवेदनात, मुलाखतीत, निदान एका वाक्यात तरी आणणं हे दिग्दर्शकाचं काम आहे. गोष्टीची लय बिघडते म्हणून ते वाक्य संकलनात कापलं जातं, हे मी पाहिलं आहे. कृपा करून ते कापू नका.

जुन्या फुटेजबद्दल थोडक्यात. १९७०च्या दशकातले तरुण, मैदानावरचा संगीत महोत्सव, धुराची वलयं आणि लगेच आजचं चकचकीत दुकान, असा जोड हमखास दिसतो. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१४ मध्ये १२ च्या आसपास गेलं. दुकानांतले अर्क तर याच्या कितीतरी पट तीव्र असतात. दोन्ही शॉट एकापुढे एक लावले की वस्तू तीच आहे असं आपण न बोलता सांगून जातो. (मंद गतीत घेतलेले कळ्यांचे क्लोज-अप मला तर आता बघवत नाहीत, ते जाहिरातीचे शॉट आहेत.)

उलट जिथे कॅमेरा रोखायला हवा तिथे चित्तथरारक काहीच घडत नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे २००१ ते २०१० या काळात गांजासाठी ८० लाखांहून जास्त अटका झाल्या आणि त्यातल्या ८८ टक्के निव्वळ बाळगण्यासाठी. वापराचं प्रमाण जवळपास सारखं असूनही कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या ३.७३ पट होती. चित्रपटांत मात्र हेलिकॉप्टर, धाडी आणि जाळलेली शेतं दिसतात. खरी अटक म्हणजे रस्त्यात थांबवलेला मुलगा, उलटे केलेले खिसे, आणि मग नोकरीच्या अर्जावर वर्षानुवर्षं भरावा लागणारा एक रकाना. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० ला गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली तेव्हा दुकानांबाहेरच्या रांगा सगळ्यांनी चित्रित केल्या. त्याच कायद्यात किरकोळ बाळगण्याच्या जुन्या नोंदी पुसण्याची तरतूदही होती. त्या नोंदी पुसणाऱ्या कारकुनाच्या टेबलाशी बसून केलेला चित्रपट मला पाहायचा आहे.

शेवटचा मुद्दा संमतीचा. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा गुन्हाच राहिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला वापर, किंवा त्या व्यवसायातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते. म्हणजे परवाना असलेल्या दुकानात काम करणारी स्थलांतरित मुलगी तुमच्या कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलली, तर ते बोलणं पुढे तिच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. तिने सही केलेल्या संमतीपत्रात याचा उल्लेखही नसेल. चित्रण सुरू करण्याआधी हे तिला सांगा, आणि तिला स्थलांतराच्या वकिलाशी बोलू द्या. मग तिने नकार दिला तर तिचा चेहरा न दाखवता, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने तिची गोष्ट सांगता येते का, ते तिलाच विचारा. तेही नको म्हणाली तर चित्रण करू नका, आणि ती जागा चित्रपटात रिकामी राहिली तरी राहू द्या.