दार उघडं होतं

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

आज एका तुरुंगाची गोष्ट सांगतो. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 16. गाव फिलिप्पै, रोमी लोकांची वसाहत. तिथे एका गुलाम मुलीच्या अंगात यायचं. ती भविष्य सांगायची आणि पैसे धन्यांच्या कनवटीला जायचे. ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने तिच्यातला तो आत्मा घालवला. पोरगी मोकळी झाली, धन्यांचा धंदा बसला. मग पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात ओढत नेलं, छड्यांनी फोडून काढलं आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून टाकलं.

मध्यरात्री हे दोघे गीतं गाताहेत. पाठ सोललेली, कूससुद्धा बदलता येत नसणार. बाकीचे कैदी ऐकताहेत. तेवढ्यात भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या.

मी असतो तर वहाणा शोधत बसलो नसतो. पण पळालं कुणीच नाही. बंदिशाळेचा नायक जागा झाला, उघडी दारं पाहून त्याने तलवार उपसली ती स्वतःवरच. कैदी पळाले तर त्याच्या जिवावर बेतणार होतं. आतून पौल ओरडला, थांब, आम्ही सगळे इथेच आहोत!

ख्रिस्ती माणूस ‘मोकळा झालो’ म्हणतो, ते हे. देवाची मर्जी नियम पाळून कमवायची धास्ती सुटते, पापाची पकड सुटते, आणि मग दुसऱ्याचा जीव दिसायला लागतो. गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळीला काही जण सांगत होते, विश्वास ठीक आहे, पण सुंता केल्याशिवाय भागायचं नाही. पौल चिडलाच. ख्रिस्ताने मोकळं केलंय, पुन्हा दास्याच्या जुवाखाली मान देऊ नका, असं त्याने लिहिलं. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा ज्याने पाहिलाय, त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. आणि गंमत बघा, त्याच अध्यायात तो म्हणतो, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा.

पंडिता रमाबाईंनाही हेच जू आठवलं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1885 साली त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळवलं की, आमच्याकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं आता घेणार नाही. बाई परक्या देशात, त्यांच्याच आसऱ्याला, तरी लिहिलं. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला घर उभारलं, त्याचं नाव मुक्ती.

फिलिप्पैत त्या रात्री नायकाने दोघांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडलंय, जा. पौल हलेना. रोमी नागरिकांना चौकशीशिवाय चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर न्या. ते आले, विनवण्या केल्या. तेव्हा कुठे दोघे निघाले. तेही आधी लुदिया नावाच्या विश्वासणाऱ्या बाईच्या घरी गेले, तिथल्या बंधुजनांना धीर दिला, आणि मग गाव सोडलं.