पॅनेल बदललं, आता बघूया

नमस्कार श्रोतेहो.

1999 च्या मे महिन्यात मी दीड दिवस सुतक पाळलं होतं. घरात मेलं कुणीच नव्हतं.

त्याचं असं झालं. बेळगावच्या शहापुरात काकांकडं केबल होती. 26 मेच्या रात्री, आपल्याकडच्या सव्वाबाराला, बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना सुरू झाला. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. सहाव्याच मिनिटाला बायर्ननं गोल केला, आणि दोन वाजत आले तरी आमचा काही होईना. नळाला पाणी आलं का बघायला काका उठले होते. त्यांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, "हरली रे तुझी टीम. झोप आता, सकाळी नंदगडला जायचं हाय." खटकन टीव्ही बंद. नव्वद मिनिटं व्हायला दोन-तीन मिनिटं राहिली असतील. काकांपुढं बोलायची सोय नव्हती.

नंदगडला लग्न होतं. मी तिथं असा तोंड पाडून बसलो की नवरीकडच्या एका आजीनं माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "पोराचं काय होतं काय गं?" तिथं कुणाला विचारणार, फुटबॉलचं काय झालं म्हणून? 28 तारखेला परत येताना खानापूर स्टँडवर पेपर घेतला तेव्हा कळलं. इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या वेळात, शेरिंगहॅमचा एक, सोल्शारचा एक. दोन-एक. जिंकलेल्या सामन्याचं सुतक पाळणारा बेळगाव जिल्ह्यातला मी एकटाच असेन. काका आज नाहीत, पण ते टीव्हीचं बटण मी अजून विसरलेलो नाही.

तर आज मला बोलायचंय ते संघाचा कारभार बदलला की चाहत्यांच्या मनात काय काय येतं, यावर.

आपल्या भागात ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. साखर कारखान्याची निवडणूक होते, जुनं पॅनेल पडतं, नवं येतं, गुलाल उडतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळ्यांना खात्री असते की यंदा उसाचं बिल वेळेवर निघणार, वजनकाटा सरळ चालणार, तोड नंबराप्रमाणं येणार. डोक्यावर कर्ज किती आहे, आतली माणसं तीच आहेत का बदलली, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. गुलालाच्या दिवशी कशाला विचारायचं? आणि आशा धरून बसायला आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी शिकवायला नको. असो, तो विषय आजचा नव्हे.

बेळगावला फुटबॉल नवा नाही. कॅम्पात लष्कर, मिशनच्या शाळा, गोव्याहून येऊन स्थायिक झालेली घरं, यांच्यामुळं हा खेळ इथं लवकर रुजला. लेले मैदानावर चिखलात लोळलेली पिढी आज साठीत आहे. पण टीव्ही आला आणि पोरांनी हजारो मैलांवरचे संघ आपले मानले. माझा भाचा त्यातलाच. टिळकवाडीत राहतो, सतरा वर्षांचा आहे, युनायटेडची लाल जर्सी धुवायलासुद्धा देत नाही. युनायटेडनं लीग, म्हणजे इंग्लंडमधली मुख्य साखळी स्पर्धा, शेवटची जिंकली 2013 साली. म्हणजे ज्या संघाच्या मोठेपणाच्या गोष्टी तो सांगतो, तो मोठेपणा त्यानं स्वतः बघितलेलाच नाही. माझ्याकडून ऐकलाय. त्याच्या ह्या दुखण्याला थोडा मीच जबाबदार आहे.

12 मे 2013. युनायटेडचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा ओल्ड ट्रॅफर्ड ह्या घरच्या मैदानावरचा निरोपाचा सामना. सव्वीस वर्षांत 38 करंडक मिळवून देणारा माणूस मैदानात माइक घेऊन उभा राहिला आणि चाहत्यांना त्यानं सांगितलं की आता तुमचं काम एवढंच, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं. नवे मॅनेजर डेव्हिड मोयेस. करार सहा वर्षांचा. दहा महिन्यांत त्यांना घरी पाठवलं. त्याआधी मार्चमध्ये तर चाहत्यांनी पैसे गोळा करून, मोयेस नकोत असा फलक लावलेलं विमान मैदानावरून फिरवलं होतं. पुढं व्हॅन गाल आले, 2016 चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधला बाद पद्धतीचा करंडक, जिंकला आणि दोन दिवसांत नोकरी गेली. मोरिन्यो आले, गेले. 1999 च्या त्या रात्रीचा सोल्शार स्वतः आला, गेला. टेन हाग यांनी मे 2024 मध्ये एफए कप जिंकला, ऑक्टोबरात निघाले. मग पोर्तुगालचे अमोरिम. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ पंधरावा आला आणि युरोपा लीग ह्या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून एक-शून्यनं हरला.

प्रत्येक वेळी भाच्याचा फोन येतो. "मामा, ह्यो येगळा हाय बघा."

मी काही बोलत नाही. कारण दर वेळी मलाही तसंच वाटलेलं असतं.

आता ह्यावर एक ठरलेलं उत्तर आहे. धीर धरा, फर्ग्युसनना तरी कुठं लगेच यश आलं? खरंच आहे ते. 1986 च्या नोव्हेंबरात ते आले. सप्टेंबर 1989 मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीकडून पाच-एक असा मार खाल्ला. त्या डिसेंबरात एका चाहत्यानं मैदानावर फलक धरला होता, तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकतोय, आता रामराम घ्या, अशा अर्थाचा. पहिला करंडक 1990 मध्ये, आणि लीग 1993 मध्ये, तीही क्लबला सव्वीस वर्षांनी. पण हे उदाहरण आता प्रत्येक हरणारा मॅनेजर देतो. मला ते तसं पटत नाही. त्या साडेतीन वर्षांत वरून निकाल येत नव्हते, पण खाली काम चाललं होतं. ओल्ड ट्रॅफर्डवर स्टुअर्ड, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था बघणारा, म्हणून काम करणारा, एरवी पेपरचं दुकान चालवणारा एक माणूस फर्ग्युसनना सांगतो की एक पोरगा बघा, सिटीकडं सरावाला जातोय. तो पोरगा म्हणजे रायन गिग्ज. चौदाव्या वाढदिवसाला फर्ग्युसन स्वतः त्याच्या दारात उभे. पेपरवाल्याचं म्हणणं मॅनेजरपर्यंत पोचतंय आणि मॅनेजर उठून जातोय, ह्याला मी कारभार म्हणतो. असं काही दिसत असेल तर धीर धरावा. नसेल तर नुसता धीर कशाच्या जोरावर धरायचा?

ह्याच क्लबच्या सामन्याच्या दिवशीच्या संघात ऑक्टोबर 1937 पासून, न चुकता, स्वतःच्या अकादमीतून आलेला एक तरी खेळाडू असतो. मॅनेजर एवढे बदलले, मालक बदलले, हे बदललं नाही. भाच्याला करंडकांचे आकडे पाठ आहेत, पण मला विचाराल तर ह्या संघाचं खरं मोठेपण इथं आहे.

आणि 2013 मध्ये खरं काय बिघडलं? सगळे मोयेसकडं बोट दाखवतात. पण त्याच उन्हाळ्यात क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिलसुद्धा गेले. म्हणजे शिकवणारा आणि तिजोरी सांभाळणारा, दोघं एकदम. कारखान्याचे चेअरमन आणि एमडी एकाच दिवशी बाहेर पडले, आणि लोक बसले नव्या शेती अधिकाऱ्याला नावं ठेवत.

त्याआधीची गोष्ट तर आपल्या माणसांना अगदी नीट कळेल. 2005 साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं हा क्लब विकत घेतला. बरेचसे पैसे कर्जाऊ काढले आणि त्यातलं मोठं कर्ज चढवलं क्लबच्याच अंगावर. म्हणजे घेणारा एक, फेडणारा दुसरा, आणि दुसऱ्याकडं पैसा येणार चाहत्याच्या तिकिटातून. पुढं 2010 मध्ये चाहते लाल सोडून हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घालून यायला लागले. ते रंग न्यूटन हीथचे. 1878 साली रेल्वेच्या वर्कशॉपातल्या कामगारांनी काढलेला न्यूटन हीथ हाच पुढं 1902 मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. मूळ घराण्याची आठवण करून द्यायची ही रीत मला फार आवडली.

फेब्रुवारी 2024 मध्ये सर जिम रॅटक्लिफ आले. क्लबचा साधारण पाव हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. मँचेस्टरच्याच भागातले, लहानपणापासून ह्याच संघाचे. भाचा त्या दिवशी पेढे वाटायचाच बाकी होता. "आपला मानूस आलाय, मामा." आपल्या माणसानं पुढं काय केलं? अडीचशे जणांच्या नोकऱ्या कमी केल्या. हंगामाच्या मध्येच सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद केलं. तोट्यातल्या संस्थेला काटकसर करावीच लागते, हे मला कळतं. मी स्वतः एका पतसंस्थेच्या हिशेबात पंचवीस वर्षं काढली आहेत. पण एकेका खेळाडूवर कोट्यवधी पौंड ओतणाऱ्या घरानं कँटीनच्या भाकरीवर नजर ठेवावी, ह्याला आमच्याकडं चांगलं बोलत नाहीत.

काही चाहत्यांनी मात्र 2005 मध्येच वेगळी वाट धरली. त्यांनी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. खालच्या पायरीवर खेळतो, पण मालक सभासद, आणि प्रत्येकाला एकच मत. सभासदाकडं शेअर एक असो की शंभर, मत एकच. मंडळी, हे आपलं सहकाराचंच तत्त्व आहे की! जर्मनीतही बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात ठेवायचा नियम आहे. आपल्याकडं सहकारानं काय दिवे लावले ते मी सांगायला नको, तरीपण सर्वसाधारण सभेत उठून उभं राहून "अध्यक्ष महाराज, माझा एक प्रश्न आहे" म्हणायचा हक्क सभासदाला असतो. भाच्याला तो कुठं आहे? तो फक्त जर्सी विकत घेतो.

लांब कशाला, कोल्हापूरला बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. तिथं मॅनेजमेंट बदललं म्हणजे गल्लीतलाच कुणीतरी बाजूला झाला आणि गल्लीतलाच दुसरा आला. चुकला तर संध्याकाळी कट्ट्यावर गाठायचा. भांडणं होतात, दगडसुद्धा पडलेत, ते काही मी चांगलं म्हणत नाही. पण तालीम कुणी अमेरिकेतून येऊन विकत घेऊ शकत नाही.

आणि चोर्ला घाट उतरून गेलं की गोवा. आमच्या तरुणपणी तिथल्या डेम्पो क्लबचा काय दरारा होता! 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा देशाचे विजेते. बंगळुरू इथून पाचशे किलोमीटर, गोवा उशाला, त्यामुळं आम्हाला तोच संघ घरचा वाटायचा. 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा पटला नाही म्हणून डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब, तिघंही, आय-लीग ह्या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले. कारणं असतील त्यांची. पण गॅलरीत बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही. एका रविवारी जायला सामनाच उरला नाही.

मागच्या आठवड्यात भाचा घरी आला होता. त्याला हे सगळं सांगितलं. कर्ज, तिकिटं, कँटीन, 1937. त्यानं ऐकून घेतलं, शहाण्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "ते समदं खरं हाय मामा, पण शनिवारी मॅच बघायला येताय नव्हं?"

जाणार आहे. रिमोट कुणाच्या हातात राहणार ते मात्र अजून ठरायचंय.

नमस्कार.