पंचनाम्यात नसलेला गिझर

(ठाण्यातील व्याख्यानमालेत एका निवृत्त न्यायवैद्यक डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बरीच वर्षं झाली त्या गोष्टीला. इथल्याच एका सोसायटीतला तिशीचा तरुण सकाळी न्हाणीघरात पडलेला सापडला. दार आतून बंद. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, दोन शेजारी पंच म्हणून घेतले, पंचनामा केला आणि मृतदेह माझ्याकडे पाठवला. सोबतच्या कागदावर होतं, ‘पाय घसरून पडल्याने मृत्यू’. कपाळावर खोक होती, पण तेवढ्याने माणूस जात नाही. आणि पाठीवर, जिथे रक्त साकळतं तिथे, नेहमीचा जांभळट रंग नव्हता. लालसर गुलाबी होता. शीतपेटीत ठेवलेल्या देहावरही असा रंग येतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. पण आतले स्नायूही तसेच लालभडक निघाले.

मी हवालदारांना विचारलं, “न्हाणीघरात गिझर कुठला होता हो? गॅसचा?” त्यांना सांगता येईना. पंचनाम्यात फरशीचा रंग होता, बादली होती, नळ कुठल्या भिंतीला तेही होतं. गिझर नव्हता. खिडकी उघडी की बंद, तेही नव्हतं. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. गिझर गॅसचा होता, न्हाणीघरातच बसवलेला, आणि थंडी म्हणून वरच्या झडपेला पुठ्ठा लावलेला. स्मशानातून परतल्यावर सगळं घर त्याच न्हाणीघरात आंघोळ करणार होतं.

हवालदारांचा यात दोष नव्हता, हे मी त्या दिवशीही म्हटलं होतं. बंद खोलीत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याने रक्त असं लालभडक होतं, हे ज्याला कुणी शिकवलंच नाही, तो गिझरकडे कशाला बघेल? दोष रचनेचा आहे. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूचा पहिला निर्णय पोलीस ठाण्यातला अंमलदार घेतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आलं, पद्धत तीच. पोलीस अधिकारी परिसरातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृत्यूचं दिसतं ते कारण लिहितो. म्हणजे मरणाचं कारण प्रथम कोण ठरवतं, तर शेजारचे दोन भले लोक. डॉक्टरला जागा दिसत नाही, मिळतो तो फक्त देह, तोही कित्येक तासांनी. घटनास्थळी देहाचं तापमान कुणी मोजलेलं नसतं. मग मृत्यूची वेळ विचारली की आम्ही अंदाज सांगतो, आणि न्यायालयात वकील त्या अंदाजाच्या चिंध्या करतात.

नव्या संहितेत एक चांगली तरतूद आहे. कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जायचं आहे. पण अकस्मात मृत्यू हा गुन्हा म्हणून नोंदलेलाच नसतो! गुन्हा आहे की नाही हे सांगू शकणारा माणूस गुन्हा आहे हे आधी ठरलं तरच जायचा, हे मला पटत नाही.

मुंबईला कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी होता, १८७१ च्या कायद्याने दिलेला. ते पद १९९९ मध्ये गेलं. ठाण्याला तो कधी मिळालाच नव्हता. त्या पदासाठी मी रडणार नाही, मला ते पुन्हा नको आहे. मला वैद्यकीय मृत्यू-तपासणी अधिकारी हवा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८७७ सालीच कोरोनर काढून डॉक्टर नेमले. न्यूयॉर्कमध्ये हे १९१८ साली झालं. तोवर तिथले कोरोनर निवडून यायचे, वैद्यक शिकलेलं असण्याची अटही नव्हती. नव्या कार्यालयाचे प्रमुख चार्ल्स नॉरिस झाले. त्यांनी अलेक्झांडर गेटलर या रसायनतज्ज्ञाला घेऊन विषांची प्रयोगशाळा उभी केली. दारूबंदीच्या काळात औद्योगिक अल्कोहोल पिण्याजोगं राहू नये म्हणून सरकारच त्यात विष मिसळायला लावत होतं. १९२६ च्या नाताळात ते पिऊन माणसं मेली, तेव्हा नॉरिस यांनी नैतिक जबाबदारी सरकारची आहे असं उघड सांगितलं. टेबलावर जे दिसलं ते सरकारला न आवडणारं असलं तरी बोलता आलं पाहिजे. कोठडीतल्या मृत्यूचा विचार करा, म्हणजे मी हे का म्हणतो ते कळेल. दंडाधिकाऱ्याची चौकशी आपल्याकडे आहे, पण त्यांच्या हातात पडणारा वैद्यकीय कागद आमच्यासारख्या सरकारी नोकरानेच लिहिलेला असतो.

पोलिसांपर्यंत न पोहोचणारे मृत्यू हा आणखी मोठा भाग. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड शिपमन हा फॅमिली डॉक्टर स्वतःच रुग्णांना मारायचा आणि स्वतःच दाखला लिहायचा. २००० साली १५ खुनांसाठी त्याला शिक्षा झाली, पुढच्या चौकशीत बळींचा आकडा २१५ वर गेला. तरी प्रत्येक दाखला दुसऱ्या डॉक्टरने तपासायचा हा नियम तिथे सक्तीचा व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. आपल्याकडे तर नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून कमी मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलेले दाखले किती! हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. ते का बंद पडलं, हे लिहायचं असतं.

सुरुवात ठाणे जिल्ह्यातच करता येईल. इथे खाडी आहे, रुळांवरचे मृत्यू आहेत, येऊरचं जंगल आहे, भिवंडीची गोदामं आहेत. जिल्ह्याला एक कार्यालय द्या, पोलिसांच्या हाताखाली नाही आणि रुग्णालयाच्याही नाही. न्यायवैद्यकातला डॉक्टर आणि त्याने तयार केलेले चार-पाच तपासनीस, रात्री-अपरात्री जागेवर जाणारे. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि वायू मोजायचं यंत्र. शवविच्छेदन करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. अहवालासाठी नातेवाइकांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, तो त्यांनी समोर बसवून समजावून द्यायचा. आणि वर्षाला जिल्ह्यात कोण कशाने गेलं, याचा हिशेब जाहीर करायचा.

त्या तरुणाच्या रक्ताचा अहवाल यायला कित्येक महिने लागले. तोवर कागदावर माझं एकच वाक्य होतं, ‘मत राखून ठेवले आहे’. अहवालात कार्बन मोनॉक्साइड निघाला, मी अंतिम मत दिलं, फाइल बंद झाली. त्या इमारतीतल्या बाकीच्या घरांत तसेच गिझर होते का, हे जाऊन बघणं पोलिसांचं काम नव्हतं, महापालिकेला कुणी कळवलं नव्हतं, आणि माझ्या नेमणुकीच्या कागदातही ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी एकदा संध्याकाळी स्वतःहून गेलो. तिसऱ्या मजल्यावर एका घरात तसाच होता.