मिठी ते उल्हास: पाणलोटानुसार नियोजन

श्रोतेहो, नमस्कार.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नाही. एकाच शहरात पावसाचा एवढा फरक पडत असेल, तर पुराचा विचार नदी-नाल्यांच्या पाणलोट क्षेत्रानुसारच, म्हणजे ज्या भागातले पाणी एका नदी-नाल्यात उतरते त्या भागानुसारच, करावा लागतो. आपला कारभार मात्र प्रभाग आणि महापालिकांच्या हद्दींप्रमाणे चालतो.

मिठी नदीचेच पाहा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळापाशी तिला जवळजवळ काटकोनात वळवलेले आहे, आणि पुढे ज्या खाजणात तिचे पाणी पूर्वी पसरत असे, तेथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २००५च्या पुरानंतर मिठीसाठी वेगळे प्राधिकरण नेमावे लागले आणि पात्राच्या वरच्या भागाचे काम महापालिकेकडे व खालच्या भागाचे एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) देण्यात आले. काठावर भिंती बांधल्या, पात्र खोल केले, हे योग्यच झाले. तरीही भरतीच्या वेळी नदीची पातळी चढली की बाजूच्या नाल्यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि ते वस्तीतच तुंबते. कुर्ल्याच्या क्रांतीनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत म्हणूनच तळमजल्यावरचा फ्रिज विटांच्या थरावर ठेवतात, विजेचे बोर्ड छातीच्या उंचीवर बसवतात आणि कागदपत्रांची पिशवी पोटमाळ्यावर टांगतात. शेजारी नवी इमारत उभी राहते, तिचे जोते भराव घालून रस्त्यापेक्षा उंच केले जाते आणि तिच्या आवारातले पाणी या खोल्यांकडे वळते. बांधकाम परवानगी देताना तपासला जातो तो त्या एका भूखंडाचा निचरा.

नालेसफाई आणि हाजी अली, इर्ला, गझदरबंध येथील उदंचन केंद्रे (पाणी उपसणारी पंपिंग स्टेशने) आवश्यक आहेतच. (मे महिन्यात नालेसफाईची टक्केवारी आपण रोज वाचतो, ती गाळाला कळत नाही, हा भाग वेगळा.) परंतु जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या आणि ती क्षमता दुप्पट केली तरी ढगफुटीसारख्या पावसापुढे ती अपुरीच पडणार. ते पाणी काही तास थांबवायला मोकळी जमीन लागते, आणि ती राखणे हे प्रादेशिक आराखड्याचे, म्हणजे संपूर्ण प्रदेशातील जमिनीचा वापर ठरवणाऱ्या योजनेचे, काम आहे.

नदी आणि कारभाराच्या हद्दी यांचा मेळ नसणे मुंबईबाहेर अधिक ठळकपणे दिसते. उल्हास नदी सह्याद्रीतून उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर आणि कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली व सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वरच्या गावाने पात्रालगत भराव घातला, तर त्याची किंमत खालच्या शहराला मोजावी लागते, आणि त्या शहराच्या महापालिकेला वरच्या गावात काहीच अधिकार नसतो. जलसंपदा विभाग २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी लाल पूररेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. माझ्या मते या रेषा सर्व नद्यांवर, उगमापासून खाडीपर्यंत सलग आखल्या जाव्यात, खारफुटी आणि मिठागरे त्यांत पाणी सामावणारी जागा म्हणून दाखवावीत, आणि कोणत्याही पालिकेचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो या नकाशाशी ताडून पाहावा. आराखड्याचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर होतो, तेव्हा आपल्या वस्तीलगतच्या नाल्याची रुंदी आणि पूररेषा त्यात दाखवली आहे का, हे कोणत्याही नागरिकाला तपासता येते आणि नसल्यास मुदतीत लेखी हरकत नोंदवता येते.