वाकायला घाबरलेली कंबर

(दृश्य: उजेडाच्या पाटीवर लावलेला कंबरेचा एक्स-रे)

"मणक्यात गॅप आलाय." आपल्याकडे कंबरदुखीची कहाणी बहुतेक वेळा या वाक्यानं सुरू होते. मग कंबरेला पट्टा चढतो. खाली पडलेली किल्ली उचलायला नातवाला हाक जाते. मांडी घालून जेवायला बसणं बंद होतं.

पण 2015 साली संशोधकांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासलेले अभ्यास एकत्र मांडले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या वयात 96 टक्के. आणि दुखत तर कुणाचंच नव्हतं! फोटोत काय दिसतं आणि दुखतं किती, यांचं नातं इतकं सैल आहे. (पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र हा व्हिडिओ सोडा आणि तडक हॉस्पिटल गाठा.)

मग उपाय करायचा कुणावर? कंबरेवर की डोक्यावर?

(दृश्य: गोलात बसलेली माणसं, डोळे मिटलेले)

अमेरिकेतलं सिएटल. 2016 साली जाहीर झालेल्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेले 342 जण होते. एका गटाला माइंडफुलनेस शिकवलं: आठ आठवडे, दर आठवड्याला दोन तास. श्वासाकडे पाहायचं, शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवायचं. इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस बसून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दुसऱ्या गटानं विचारांवर काम केलं. "आता माझी कंबर कायमची गेली" हा विचार मनात आला की तो पकडायचा आणि तपासून बघायचा. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. सहा महिन्यांनी रोजच्या हालचाली ठळकपणे सुधारलेले लोक पहिल्या गटात सुमारे 61 टक्के, दुसऱ्यात 58 आणि तिसऱ्यात 44.

म्हणजे मन जिंकलं? थांबा. त्या माइंडफुलनेसच्या वर्गात योगासनंही होती.

(दृश्य: पहाटेचा रस्ता, चालणारे पाय)

आता व्यायामाची बाजू. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2024 मध्ये आले. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. निम्म्यांना चालायला लावलं, हळूहळू वाढवत. न चालणाऱ्या गटात दुखणं साधारण 112 दिवसांत परतलं, चालणाऱ्यांत 208 दिवसांनी. बातम्यांचे मथळे आले: चाला, कंबर वाचवा! मथळ्यांतून एक गोष्ट मात्र निसटली. चालणाऱ्यांना अधूनमधून फिजिओथेरपिस्ट भेटत होते, आणि दुखणं म्हणजे काय, त्याला किती घाबरायचं, हेही समजावत होते.

एकीकडे ध्यानाच्या वर्गात आसनं, दुसरीकडे चालण्याच्या चाचणीत समजूत. मला तर हा सामनाच खोटा वाटतो.

(दृश्य: पाठीवर चिकटवलेला छोटा सेन्सर)

ऑस्ट्रेलियातल्याच 492 जणांवरच्या आणखी एका चाचणीनं, 2023 साली, दोन्ही गोष्टी उघडपणे एकत्र केल्या. फिजिओथेरपिस्ट आधी रुग्णाचं सगळं ऐकून घ्यायचे. मग ज्या हालचालीची भीती, तीच करायला लावायचे. वाका. अंग आवळू नका, श्वास रोखू नका. पुन्हा वाका. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, नंतर एक उजळणी. एका गटाच्या पाठीवर हालचाल मोजणारे सेन्सरही लावले होते.

सेन्सर लावलेला आणि न लावलेला, असे दोन्ही गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा खूपच पुढे गेले आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. सेन्सरमुळे वेगळं काहीच मिळालं नाही.

(दृश्य: दाराच्या खिळ्याला टांगलेला कंबरपट्टा)

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. उपायांमध्ये व्यायाम आहे, विचारांवरचे उपचारही आहेत. पट्टा मात्र "सरसकट देऊ नका" या यादीत आहे.