वर्गात उभं राहून बोलताना

नमस्कार श्रोतेहो. उद्या-परवा वर्गात उभं राहून बोलायचं आहे आणि त्याआधी आपल्याला बरासा ताप यावा, अशी मनातल्या मनात इच्छा करणारे जे कोणी आज ऐकत असतील, त्यांच्यासाठी हे भाषण आहे. त्यांच्या शिक्षकांनी आणि शेजारच्या बाकावरच्यांनीही ऐकावं, कारण पुढे त्यांचाही विषय निघणार आहे.

माणसाला मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते, असं एक वाक्य वक्तृत्वाच्या शिबिरांत नेहमी ऐकू येतं. अमेरिकेतल्या १९७३ च्या एका पाहणीतून ते पसरलं. २०१२ साली तिथल्याच संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा प्रश्न पुन्हा, जरा नीट विचारला. भीतींची यादी देऊन ‘यातलं कशाकशाला घाबरता?’ असं विचारलं, तर सगळ्यांत जास्त खुणा लोकांसमोर बोलण्यावर पडल्या. पण ‘सगळ्यांत मोठी भीती कोणती?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर मरण हेच आलं. म्हणजे ही भीती सगळ्यांत खोल नाही, पण पसरलेली मात्र भरपूर. तुमच्या वर्गातले जे चेहरे तुम्हाला परीक्षकांसारखे वाटतात, त्यांतले बरेचसे आपला नंबर कधी येतो या धास्तीत बसलेले असतात.

ही भीती अंगात काय करते? नाव पुकारलं जातं, मेंदू त्या क्षणाला धोका समजतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पोटाकडचं आणि त्वचेकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. हात गार पडतात ते म्हणून. लाळ कमी होते आणि घशाला कोरड पडते. स्नायू पळायला किंवा झुंजायला सज्ज, आणि आपण फळ्यापाशी एका जागी उभे. मग ती सगळी सज्जता गुडघ्यांत आणि बोटांत थरथरत राहते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रतिक्रियेचं वर्णन करून ठेवलं आहे. तुमच्या हुशारीशी किंवा तयारीशी तिचा संबंध नाही. शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या धावपटूच्या अंगातही हेच चाललेलं असतं, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

म्हणूनच ‘घाबरू नकोस, शांत हो’ हा सल्ला मला कधी फारसा उपयोगी वाटला नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात भाषणाआधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं, तर काही जणांना ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणायला लावलं होतं. उत्साहाचं वाक्य म्हणणारे जास्त वेळ बोलले, आणि ऐकणाऱ्यांना त्यांचं बोलणं जास्त पटलं. मला त्याचं कारण सरळ दिसतं. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत आहे’ म्हटलेलं खोटं वाटतं, ‘चला, सुरू करू’ हे खरं वाटतं. श्वासाचं मात्र जरूर बघा. घेताना जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ घेऊन सोडा, चार-पाच वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे उतरतात. बाकावर बसल्या बसल्या करता येतं, कुणाला कळतही नाही.

कळण्याचंच म्हणाल, तर इथे आपला सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. आपला थरकाप सगळ्या वर्गाला दिसतोय, अशी आपली खात्री असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्याला एका गायकाचं ठळक चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. त्या बिचाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. त्याच मंडळींपैकी दोघांनी २००३ मध्ये भाषणाकडे मोर्चा वळवला. काही विद्यार्थ्यांना बोलण्याआधी एवढंच सांगितलं, की तुमची धास्ती तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. त्या मुलांची भाषणं त्यांची त्यांना तर बरी वाटलीच, ऐकणाऱ्यांनाही इतरांपेक्षा चांगली वाटली. ना सराव वाढवला, ना विषय बदलला. नुसती माहिती दिली. ती माहिती आता तुम्हालाही मिळाली आहे.

मग भीती जात का नाही? कारण आपण तिला पोसतो. पोटात दुखतं म्हणून त्या दिवशी दांडी मारली, गटाच्या प्रकल्पात ‘मी चित्रं काढतो, तू बोल’ असा सौदा केला, शिक्षकांची नजर फिरली की वही उघडून त्यात डोकं घातलं. त्या क्षणी जी सुटका वाटते ती फार गोड असते. पण त्या सुटकेतून मेंदू एक धडा शिकतो, की धोका खरा होता आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो. टाळाटाळीचं हे व्याज दरवेळी वाढत जातं. उलट, घाबरत का होईना बोलायला उभं राहिलात, तर एक गोष्ट अनुभवाला येते. धडधड सर्वांत जास्त असते ती नाव पुकारल्यापासून पहिल्या काही वाक्यांपर्यंत. पुढे ती उतरायला लागते. पण मध्येच पळून जाणाऱ्याला हे उतरणं कधी भेटतच नाही. भीती गेली की बोलेन, असं म्हणणाऱ्यांची म्हणूनच पंचाईत होते. आधी बोलावं लागतं, भीती नंतर कमी होते.

एकदम दहा मिनिटांच्या भाषणाला उभं राहा, असं मी म्हणत नाही. तास सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच एक प्रश्न विचारा, बसून विचारता येत असेल तर बसून. जितका उशीर कराल तितका आपलाच आवाज आपल्याला परका वाटू लागतो. प्रश्न जमला की धड्यातला उतारा मोठ्याने वाचायला स्वतः हात वर करा; तिथे शब्द दुसऱ्याचे असतात, फक्त आवाज आपला. मग उत्तर, मग फळ्यापाशी उभं राहून मिनिटभर. एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबा. कंटाळा आला म्हणजे भीती ओसरली, असं खुशाल समजा.

तयारीबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: भाषण पाठ करू नका. शब्दन् शब्द घोकलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते, आणि वर्गासमोर उभ्या मुलाचे डोळे छताला लागतात. पाठ करायचीच तर पहिली दोन वाक्यं करा, कारण तेव्हा डोकं सर्वांत कमी चालतं, आणि शेवटचं एक, म्हणजे ‘एवढं बोलून’ म्हणत दाराकडे पळावं लागणार नाही. मधले मुद्दे जाड कार्डावर, मोठ्या अक्षरांत, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत लिहा. कार्डच घ्या. पातळ कागद बोटांची थरथर चारपट करून दाखवतो. आणि सराव उभं राहून, आवाज काढून करा. मनातल्या मनात केलेल्या भाषणात कोणीच अडखळत नाही, म्हणूनच तो सराव नव्हे.

आणि मध्येच काही आठवेनासं झालं तर? गप्प राहा. कार्ड बघा. ‘पुढचा मुद्दा बघतो’ असं म्हणालात तरी चालतं. बोलणाऱ्याला तो थांबा युगासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, विचार करतोय.

आता बाकीच्या वर्गाकडे वळतो. ताणाचा अभ्यास करणाऱ्यांना प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण द्यायचा असतो, तेव्हा ते काय करतात ठाऊक आहे? भाषण करायला लावतात. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात तयार झालेली ही चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, ती आजही जगभर वापरतात. थोडी तयारी, मग पाच मिनिटं बोलायचं, मग मोठ्या आकड्यातून १३-१३ वजा करत जायचं. पण तिची खरी गोम समोरच्या परीक्षकांमध्ये आहे. त्यांना सक्त ताकीद असते की मान हलवायची नाही, हसायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. आपल्या कितीतरी वर्गांत ही चाचणी रोज फुकटात चालते! तेव्हा मित्रहो, कोणी बोलत असेल तर त्याच्याकडे बघा, एखादी मान हलवा. मागच्या बाकावरून येणारी खसखस बोलणाऱ्याच्या पुढच्या कित्येक भाषणांना पुरते.

शिक्षकांना विनंती दोनच. कोण कधी बोलणार हे आदल्या दिवशी सांगा. अचानक उभं करण्याने धीट झालेली मुलं मी फारशी पाहिली नाहीत. आणि उच्चाराची, व्याकरणाची चूक वाक्याच्या मध्ये सुधारू नका. जी मुलं घरच्याहून वेगळ्या भाषेत बोलताहेत त्यांच्या बाबतीत तर मुळीच नको. ती बिचारी दोन भीती एकदम पेलत असतात.

काहींची अडचण याहून वेगळी असते. तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे, त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. आणि या भीतीपायी झोप उडत असेल, वर्गात जाणंच बंद होत असेल, तर समुपदेशकाकडे जा. टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जायचं हेच काम तिथे नीट आखून, सोबतीने करून घेतात, आणि त्याचा चांगला उपयोग होतो.

शेवटी भाषण संपवून बाकावर परत आल्यानंतरचं. त्या रात्री मन फक्त अडखळलेली जागा पुन्हा पुन्हा दाखवत बसतं. त्याआधीच, त्याच दिवशी, वहीत दोन ओळी लिहा: कुठे अडलं आणि कुठे वर्ग ऐकत होता. दुसरी ओळ सुचत नसेल तर शेजारच्याला विचारा, त्याला आठवत असतं. मग पुढची पाळी स्वतःहून मागून घ्या, शक्यतो त्याच आठवड्यात. महिनाभर थांबलात तर पुन्हा पहिल्या पायरीवर जावं लागेल.

नमस्कार.